आग्नेयेकडचे आभाळ

पेण किंवा रोह्याच्या एखाद्या उंच गच्चीवरून खालची छपरे पाहिली, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. कौले असोत, पत्रे असोत की नव्या इमारतींच्या गच्च्या, दूरचित्रवाणीच्या बहुतेक सगळ्या छत्र्या एकाच अंगाला तोंड करून बसलेल्या असतात. ते अंग आग्नेयेचे. वास्तुशास्त्र मानणारे हा कोपरा चुलीला देतात. छपरावर तो बातम्यांना आणि मालिकांना गेला आहे. कारण साधे आहे. दूरदर्शनची फ्री डिश सेवा ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, तो विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. पेण आणि रोहा साधारण ७३.१ अंशांवर. म्हणजे उपग्रह इथून पूर्वेलाही आणि दक्षिणेलाही. पृथ्वीच्या फिरण्याशी त्याचा वेग जुळवलेला असल्याने आभाळातली त्याची जागा बदलत नाही. छत्री एकदा नीट रोखली, नटबोल्ट आवळले, की वर्षानुवर्षे तिच्याकडे बघावे लागत नाही.

घर जागेवर आहे तोवर.

घरालाच चाके लागली तर छत्रीचे काय करायचे, हा प्रश्न आता कोकणाच्या रस्त्यावर आला आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. झोपायची सोय, छोटा ओटा, शौचालय असलेली गाडी आणि ती रात्रभर उभी करता येईल असे कॅरव्हॅन पार्क, अशी ती कल्पना. पार्क खासगी जागेत करता येतील, पर्यटन महामंडळाच्या निवासांतल्या मोकळ्या जागेतही करता येतील. पाणी, रस्ता, वीज या गरजा तिथे भागवायच्या. जिथे पक्के बांधकाम करता येत नाही तिथेही पर्यटकाची रात्र व्हावी, हा हेतू कोकणाला नेमका लागू पडतो, कारण इथल्या खाड्या आणि किनारे पाहण्यासारखे आहेत आणि नियमांनी बांधलेलेही आहेत. धोरणात गाडीचा विचार झाला, तिच्याखालच्या जमिनीचाही झाला. तिच्या डोक्यावरच्या आभाळाचा कुणी केला नाही.

यावर पहिला टोमणा ठरलेला असतो. निसर्गात जायचे आणि तिथे जाऊन टीव्ही लावायचा, मग घरचा सोफा काय वाईट होता? ऐकायला हे बरोबर वाटते. असे बोलणाऱ्याने कोलाडला कुंडलिकेच्या काठी मुक्काम केलेला नसावा. तिथला दिवस पाणी ठरवते. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली उतरते, १९२७ पासून चालू असलेल्या टाटांच्या भिरा जलविद्युत केंद्रात वीज तयार करते आणि मग कुंडलिकेच्या पात्रात येते. हे पाणी सुटते तेव्हा राफ्टिंग. ते सकाळी उरकले की दुपार जेवणात आणि झोपेत जाते. संध्याकाळी सातला अंधार, डास आणि पावसाळा असेल तर वरून धार. गाडीत तीन पिढ्या. आजोबांना सातच्या बातम्या हव्यात, धाकट्याला भारताचा सामना हवा आणि बाकीच्यांना दोघांनीही गप्प बसायला हवे. निसर्गप्रेमाची परीक्षा अशा वेळी घेऊ नये.

दुसरा टोमणा जास्त वजनदार आहे. हातात मोबाइल असताना छत्री कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि शहरांत त्याचे उत्तर लोकांनी देऊनही टाकले आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आकड्यांत डीटीएचचे पैसे भरणारे ग्राहक एके काळी सात कोटींवर होते, ते आता सहा कोटींच्या खाली आले आहेत. पण कोलाडहून विळे आणि तिथून ताम्हिणी चढायला लागले की मोबाइलची रेंज जाते, हे पुण्या-मुंबईच्या प्रत्येक दुचाकीस्वाराला ठाऊक असते. शनिवार-रविवारी किनाऱ्यालगतच्या गावांत माणसे वाढतात, टॉवर तेवढेच राहतात. उपग्रहाला मात्र खाली किती जण पाहत आहेत याने काही फरक पडत नाही. एकाने पाहिले काय नि एक कोटीने पाहिले काय, चित्र तेच. स्टारलिंकला दूरसंचार खात्याने २०२५ च्या जूनमध्ये परवाना दिला, तेव्हा उद्या उपग्रहावरून इंटरनेटही येईल. पण त्याचे मासिक बिल असेल, आणि वर्षातून चार-सहा वेळा बाहेर पडणाऱ्या गाडीला मासिक बिल परवडत नाही. छत्री अजून मोडीत निघालेली नाही, ती एवढ्यासाठी.

आणि कोकणाने दूरचित्रवाणीसाठी उपसलेले कष्ट पाहता तिला इतक्या लवकर मोडीत काढणे अन्यायाचेही होईल. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या लहरी जमिनीलगत येत आणि वाटेत डोंगर आडवे असत. कर्नाळ्याच्या पलीकडचे चित्र अलीकडे आणायचे तर लोखंडी पाइपाला पाइप जोडून ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना वीस-वीस फूट वर न्यायची, तिला बूस्टर लावायचा, एकाने कौलावर चढून ती फिरवायची आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे. एवढे करून पडद्यावर माणसांपेक्षा मुंग्याच जास्त. त्या काळात उपग्रहाशी थेट बोलणारी यंत्रणा केवढी होती, ते पाहायचे तर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वीला जावे लागे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेल्या तिथल्या विक्रम भूकेंद्राची छत्री सुमारे २९ मीटर रुंद होती. आज त्या जातीचे काम ६० सेंटीमीटरचा पत्रा करतो. उपग्रह ताकदवान झाले, लहरींची वारंवारता वाढली, पत्रा आटला.

मध्यंतरी सरकारही आडवे आले होते. १९९७ मध्ये केंद्राने घरोघरी अशा छत्र्या लावण्यावर बंदी घातली. परदेशी कंपनी थेट आकाशातून घरात शिरेल, ही धास्ती. नोव्हेंबर २००० मध्ये बंदी उठली, २००३ मध्ये पहिली खासगी सेवा आली आणि १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने ३३ वाहिन्यांची डीडी डायरेक्ट प्लस सुरू केली. तीच आजची फ्री डिश. एकदा संच घेतला की महिन्याचे भाडे शून्य. देशात चार कोटींहून जास्त घरे ती पाहतात, असा अंदाज आहे, आणि केबलवाल्याने जिथवर वायर ओढली नाही त्या वाड्या-वस्त्यांत तिचा आधार मोठा आहे.

एवढे असताना कॅरव्हॅन सजवणारा गिऱ्हाईक दुकानात शिरतो आणि पहिली चौकशी करतो ती परदेशी घुमटाची. गाडीच्या टपावर पांढरा गोल घुमट, आत मोटारीवर फिरणारी छोटी छत्री, बटण दाबले की ती स्वतःच उपग्रह शोधते. युरोपात जर्मनीच्या टेन हाफ्ट कंपनीची ऑयस्टर किंवा इंग्लंडच्या मॅक्सव्ह्यूची यंत्रे प्रसिद्ध आहेत, अमेरिकेत विनेगार्डची. यंत्रे चांगलीच आहेत. ती तिथे का लागतात, हे समजून घेतले की इथे ती का लागत नाहीत तेही कळते.

लंडनहून २८.२ अंश पूर्वेचा ॲस्ट्रा उपग्रह क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर असतो. म्हणजे समोर दहा मीटर उंच झाड असेल तर त्याच्यापासून सुमारे २१ मीटर मागे सरकल्याशिवाय उपग्रहाशी नजरानजर होत नाही. शेजारची गाडी, कुंपणाची झाडे, टेकडी, सगळेच मध्ये येते. गाडी तसूभर सरकवायची, परत शोधायचे. तिथले कॅरव्हॅनवाले स्वयंचलित यंत्रावर पैसे घालतात ते या जाचामुळे. पेण-रोह्याहून जीसॅट-१५ दिसतो तो तब्बल ५८ अंश वर. त्याच दहा मीटरच्या नारळापासून साडेसहा मीटर मागे आले की काम झाले. सह्याद्रीची रांग पूर्वेला उभी असली तरी तिचा अडथळा होत नाही, कारण एवढ्या उंच कोनात डोंगर यायचा तर थेट कड्याच्या पायथ्याशीच गाडी लावावी लागेल, आणि पावसाळ्यात तिथे गाडी लावू नये याला टीव्हीपेक्षा चांगली कारणे आहेत. कोकणात आडवी येते ती वाडीच. दाट पोफळीखाली गाडी लावून ‘सिग्नल नाही’ म्हणणाऱ्याची तक्रार ऐकून घेऊ नये.

घुमटाचे आणखी एक दुखणे आहे. टपावर मावावी म्हणून आतली छत्री लहान असते. छत्री लहान म्हणजे गोळा होणारा संदेश कमी, आणि पाऊस आला की सर्वांत आधी मान टाकते ती. शिवाय या यंत्रांच्या पोटात त्या त्या खंडातले उपग्रह भरलेले असतात. आपले उपग्रह त्यात भरून घ्यावे लागतात. अमेरिकेतून कुणी प्रेमाने असे यंत्र पाठवले तर अडचण याहून मोठी. तिथल्या डीटीएचच्या लहरी गोल फिरत येतात, आपल्याकडच्या उभ्या आणि आडव्या. छत्रीपुढे बसून संदेश पकडणारा डबा, म्हणजे एलएनबी, वेगळा, वारंवारतेचा पट्टा वेगळा. विमानाचे भाडे भरून आणलेले ते यंत्र शेवटी टपाची शोभा वाढवते.

उलट पेणच्या बाजारात दीड-दोन हजारांत छत्री, एलएनबी, वायर आणि बॉक्स मिळून फ्री डिशचा सगळा संच येतो. घुमटवाले यंत्र लाखाच्या घरात जाते. या दोन आकड्यांमधले अंतर भरून काढण्यासाठी फक्त थोडी माहिती आणि दहा मिनिटे लागतात.

ती माहिती अशी. छत्री टपावर पक्की बसवू नये. २०११ पासून रखडत आलेल्या मुंबई-गोवा महामार्गावरून वडखळ, नागोठणे, वाकण, कोलाड असा प्रवास केलेल्या कुणालाही याचे कारण विचारावे. आचक्यांनी माणसांची हाडे खिळखिळी होतात तिथे पत्र्याच्या पट्टीचे नटबोल्ट काय टिकणार! दुसरे कारण भूमितीचे आहे. ६० सेंटीमीटरच्या छत्रीची नजर साधारण तीन अंशांची असते. मधल्या रेषेपासून ती दीड अंश ढळली की संदेशाचे बळ निम्म्यावर येते. गाडी खाचरालगतच्या मऊ मातीत उभी केली आणि रात्री पुढची चाके चार-पाच बोटे खचली की एवढा कलंड झालाच. आत कुणी उठून पाणी प्यायला गेले तरी गाडी डुलते आणि चित्र थबकते. म्हणून छत्री तिपाईवर, जमिनीवर, गाडीपासून वेगळी. तिपाईच्या पायांवर दगड किंवा पाण्याचे कॅन. प्रवासात ती आत, गादीखालच्या कप्प्यात.

दिशा शोधायला होकायंत्र लागतेच असे नाही. उत्तरेपासून उजवीकडे मोजले तर सुमारे १३१ अंश, म्हणजे जवळजवळ काटेकोर आग्नेय. हात ताठ लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते. क्षितिजावरून मुठीवर मूठ रचत गेले की सहाव्या मुठीच्या जरा खाली उपग्रह. याहून सोपा मार्ग म्हणजे जवळच्या वाडीतली छपरे पाहणे. मात्र कोणती छत्री कोणाची हे ओळखता यायला हवे. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर, म्हणून तिची छत्री जास्त दक्षिणेला वळलेली आणि जास्त वर पाहणारी. एअरटेलचा १०८.२ अंशांवर, ती पूर्वेकडे झुकलेली आणि खाली पाहणारी, सुमारे ४५ अंशांत. खरी फसगत डिश टीव्हीची. तिचा उपग्रह ९५ अंशांवर, फ्री डिशपासून अवघा दीड अंश दूर. नवखा माणूस हमखास त्यावर अडकतो. मीटर सिग्नल दाखवतो, वाहिनी एक लागत नाही, आणि दोष बॉक्सला दिला जातो. अशा वेळी छत्री केसभर दक्षिणेला आणि केसभर वर घ्यायची. ज्याला हे ठाऊक आहे त्याला बाजारात ‘डिशवाला’ म्हणतात आणि ज्याला नाही तो त्याच्या नावाने ओरडतो.

अजून एक गंमत, उपयोगाची. मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या स्वतःच्या लहरींचा गोंगाट एवढा असतो की काही मिनिटे चित्र जाते. बॉक्स बिघडला म्हणून दुकान गाठू नये. उलट त्या वेळी सूर्य आणि उपग्रह एका रेषेत असतात, तेव्हा छत्रीच्या मध्यावर एलएनबीची सावली पडते का ते पाहून ती रोखून घ्यावी. मीटरसुद्धा लागत नाही. छत्री नेहमीच्या बनावटीची, एलएनबी खालच्या बाजूला धरणारी असेल, तर सावली मध्याच्या खाली, खालच्या काठाकडे सरकते, एवढे लक्षात ठेवायचे.

फ्री डिशवर सगळे मिळते असे नाही आणि तसे सांगणे लबाडीचे ठरेल. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी मिळते, बातम्या मिळतात, जुने मराठी चित्रपट दाखवणाऱ्या वाहिन्या मिळतात. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे यादी बदलत राहते. झी मराठी आणि स्टार प्रवाह मात्र पैसे भरणाऱ्यांच्या. घरातल्या ज्येष्ठांचे मन त्यांत गुंतलेले असेल तर घरचा सशुल्क बॉक्स बरोबर नेण्याचा विचार येतोच. ती जोडणी घराच्या पत्त्यावर नोंदवलेली असते, तेव्हा कंपनीच्या अटी आधी वाचलेल्या बऱ्या.

क्रिकेटच्या बाबतीत मात्र फुकटचा पत्रा सशुल्क पत्र्याला हरवतो आणि याचे श्रेय कायद्याला आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला द्यावे, असा २००७ चा कायदा आहे. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने त्यात येतात. दूरदर्शन हे चित्र केबल आणि खासगी डीटीएचवरही पोहोचवत असे. हक्कांसाठी पैसे मोजलेल्यांनी त्यावर न्यायालय गाठले. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी निकाल दिला की दूरदर्शनने हे चित्र स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणातून आणि स्वतःच्या डीटीएचवरूनच दाखवावे. जमिनीवरचे प्रक्षेपण आता जवळपास संपले. म्हणून कुंडलिकेच्या काठी, एक रुपयाचा रिचार्ज न करता भारताचा सामना पाहायचा कायदेशीर मार्ग फ्री डिशचा. आयपीएल त्यात नाही.

आता पावसाचे बोलायला हवे, कारण ते टाळून कोकणात कसल्याही उपकरणाची तरफदारी करता येत नाही. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. या छत्र्या ज्या केयू बँडवर चालतात, त्याच्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते. मोठे थेंब अशा लहरी शोषतात, विखुरतात. रिपरिप असेल तर काही होत नाही, पण आषाढातली दाट सर आली की चित्राचे चौकोन होतात आणि मग पडदा काळा. सर ओसरली की पाच-दहा मिनिटांत चित्र परत. नव्वद सेंटीमीटरची छत्री साठपेक्षा सव्वादोनपट संदेश गोळा करते, त्यामुळे ती जास्त तग धरते. पण किनाऱ्याच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि तिपाईसकट आडवी होते. दोन्ही एकदम मिळत नाही. पावसाळ्यात आडोशाला गाडी असेल तर मोठी छत्री, उघड्यावर असेल तर लहान आणि धीर.

यातून एक गंभीर गोष्ट निघते. वादळ डोक्यावर असते त्या तासाला छत्री बहुधा मुकी असते. इशारा त्या तासाच्या आधी ऐकायचा असतो आणि परिस्थिती त्यानंतर समजून घ्यायची असते. ऐन वेळेसाठी आकाशवाणी ऐकवणारा बॅटरीवरचा रेडिओ गाडीत असलाच पाहिजे, कितीही भारी कॅरव्हॅन असली तरी.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तळा, रोहा, माणगाव या भागांत कौले-पत्रे उडाले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि विजेचे खांब हजारांनी पडले. अनेक गावांत वीज यायला आठवडे लागले. मोबाइलचे टॉवर विजेवर, मोबाइल स्वतः विजेवर. जिथे छत्र्या शाबूत होत्या तिथेही बॉक्सला वीज नव्हती. उपग्रह मात्र आपल्या जागी होता आणि त्या दिवसांतही अखंड बातम्या खाली सोडत होता; घ्यायला कुणी नव्हते.

कॅरव्हॅनचा संच इथे वेगळ्याच कामाचा ठरतो. गाडीत चालायचे म्हणून तो बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालेल असा निवडलेला असतो. फ्री डिशचे अनेक छोटे बॉक्स मुळात बारा व्होल्टचेच असतात. ॲडाप्टर काढून थेट बॅटरीला जोडता येतात. बॉक्सला सुमारे दहा वॉट आणि चोवीस इंची एलईडी पडद्याला तीसेक वॉट धरले, तर शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीतली निम्मी वीज वापरूनही पंधरा तास चित्र दिसते. शंभर वॉटचे सौर पॅनेल जोडले की एरवीच्या उन्हात दुसऱ्या दिवसाची सोय होते, ढगाळ हवेत निम्मी-शिम्मी. तिपाई, काढता-घालता येणारी छत्री, पंधरा मीटर वायर, एक पाना. सगळे मिळून तीस हजारांच्या आत. पर्यटकाच्या चैनीचे म्हणून ज्या सामानाकडे पाहिले जाते, तेच सामान वादळाच्या दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मांडले तर अख्ख्या गावाला रस्ते कुठे बंद आहेत, मदत कुठवर आली आहे, पुढचे दोन दिवस हवा कशी आहे हे कळू शकते. मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत असा एक संच असायला हरकत नाही. लाखांची आपत्ती-सामग्री तालुक्याच्या गोदामात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा गावातल्याच दोन पोरांनी दर महिन्याला उघडून लावून पाहिलेला हा संच जास्त भरवशाचा.

दोन पोरे कुठून आणायची, हाही प्रश्न नाही. डीटीएचचे ग्राहक घटत आहेत, म्हणजे गेल्या वीस वर्षांत छत्र्या बसवून पोट भरणाऱ्या कारागिरांचे काम घटते आहे. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या डिशवाल्यांकडे मीटर आहे, सराव आहे, कौलावर चढायची हिंमत आहे. कॅरव्हॅन पार्क उभा करणाऱ्याने त्यांच्यापैकी एकाशी करार करावा. मुक्कामाला आलेल्या गाडीची छत्री लावून देण्याचे दोनशे रुपये कुणीही आनंदाने देईल. तालुक्याच्या आयटीआयमधल्या मुलांना बारा व्होल्टची जोडणी, सौर पॅनेल आणि छत्री रोखणे हे तीन दिवसांत शिकवता येते.

आणि पार्कच्या आराखड्याबद्दल. मोकळी जागा म्हणून सर्रास नारळाची बाग दाखवली जाते, कारण छायाचित्रात ती सुंदर दिसते. प्रत्येक गाडीच्या जागेला आग्नेय दिशेने ४० अंशांपासून वरचे आभाळ मोकळे असावे, एवढी एक ओळ मंजुरीच्या अटींत घालायला काहीच खर्च नाही. त्यात एअरटेलपासून टाटा प्लेपर्यंत सगळे उपग्रह बसतात, कारण त्यांतला सर्वांत खालचाही ४५ अंशांवर आहे. गाडीखाली सपाट काँक्रीट किंवा फरशी, शेजारी तिपाईसाठी हातभर चौरस कट्टा आणि त्यावर बोल्ट अडकवायला दोन कड्या. विजेच्या खांबावर पावसापासून झाकलेला सॉकेट. झाडे लावायचीच आहेत तर ती पश्चिमेला लावावीत. दुपारनंतरचे ऊन तिकडूनच येते, गाडीला सावलीही तिकडूनच हवी असते आणि त्या बाजूच्या आभाळात या डीटीएच कंपन्यांपैकी कुणाचाही उपग्रह नाही.